बॉनेटवरचं नाक

२०२१ च्या मे महिन्यात मी आमच्या फियाटची डिकी उघडली तेव्हा आत अकरा अंडी होती. गाडी गेवराईत आमच्या घरामागे कडुलिंबाखाली नऊ वर्षं उभी होती. मागच्या सीटमधला काथ्या उंदरांनी नेला होता, डिकी कोंबड्यांनी घेतली होती आणि चाकांभोवती काँग्रेस गवत माजलं होतं. लॉकडाउनमुळे मी पुण्याची खोली सोडून लॅपटॉप घेऊन गावी आलो होतो. दिवसा कंपनीचं काम. संध्याकाळी सातनंतर काय करायचं हा प्रश्न मात्र रोज उभा राहायचा, तो त्या दिवशी सुटला.

घरात मी जाहीर केलं, की ही गाडी मी रिस्टोअर करणार. काका ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

"म्हंजी काय करणार?"

"जशी होती तशी करणार."

"कवा होती तशी?"

मी म्हणालो, कंपनीतून आली तेव्हा होती तशी. काकांनी तंबाखू तोंडात टाकली आणि उठून आत गेले. त्यांच्या त्या 'कवा'चं उत्तर द्यायला मला तीन वर्षं लागली. त्यासाठी गेवराईहून इटलीतल्या तुरीनपर्यंत जाऊन यावं लागलं. मोबाईलवरून गेलो, पण गेलो.

आधी गाडी कशी आहे ते सांगतो. आरसी बुकात ती १९७४ ची, मुंबईत नोंदलेली, तीन अक्षरी जुन्या नंबराची. कंपनी प्रीमियर. कुठल्याही जुन्या मराठी सिनेमात डॉक्टर ज्या गाडीतून उतरतात, तीच ही गाडी. फक्त आमची तशी दिसत नाही. तिचा रंग मिरचीसारखा लाल. पुढची बाजू खाली दबलेली, कारण पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापलाय. मागच्या कमानीतला एक पाटा काढून टाकलाय. गिअर मूळ गाडीत स्टेअरिंगच्या दांड्याला असतो. आमच्या गाडीत तो जमिनीतून वर येतो आणि त्याची मूठ जीपची आहे. सायलेन्सरला दोन नळ्या आहेत, त्यातली एक नुसतीच लावलेली. बॉनेट मधोमध कापून त्यावर पत्र्याचं एक उंच भोकाड बसवलंय. काका त्याला 'नाक' म्हणतात. डिकीवर पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलंय, 'स्पोर्ट'. आजही मोंढ्यात जाऊन 'स्पोर्ट फियाट' म्हटलं तर लोक आमच्या घराचा पत्ता सांगतात.

हे सगळं काकांनी १९९४ मध्ये केलं. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. खरं सांगायचं तर मला या सगळ्याची थोडी लाजच वाटायची. माझ्या डोक्यातली रिस्टोअर केलेली गाडी म्हणजे इन्स्टाग्रामवर दिसते तशी: क्रीम रंग, चकचकीत क्रोम, पांढऱ्या कडांची टायरं. म्हणून पहिले काही महिने मी काकांचं काम पुसायच्या मागे लागलो होतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दुसऱ्याचा जुना कोड बघितला की पहिल्यांदा 'हे कुणी लिहिलं' म्हणून हसतो, तशातलाच प्रकार.

इंजिन उतरवलं आणि गोष्ट बदलली.

इंजिन खोलणं हे तसं भीतीदायक काम नाही, ही गाडी तर फारच सोपी. चार सिलिंडर, पुशरॉड, एक कार्बोरेटर, प्लॅटिन आणि कंडेन्सर. संगणक नाही, सेन्सर नाही. क्रँकच्या पुलीतच तेल गाळायची एक गोल डबी असते. ती फिरते आणि तेलातला गाळ दह्यातल्या लोण्यासारखा कडेला फेकते. आमच्या डबीत तीस वर्षांचा काळा खरवस बसला होता. तो खरवडताना मी सहज बोअर मोजला. ६८ मिलिमीटर. स्ट्रोक ७५. चार सिलिंडरचे मिळून १०८९ सीसी. हे आकडे गुगलवर टाकले. प्रीमियर पद्मिनीची पानं येतील असं वाटलं होतं. ती आलीच, पण त्यांच्याबरोबर १९४० च्या दशकातल्या इटालियन रेसिंग गाड्या आल्या.

झालं असं होतं. १९३७ मध्ये फियाटने ५०८ सी नावाची गाडी काढली, तिच्यात हे १०८९ सीसीचं इंजिन होतं. ताकद ३२ हॉर्सपॉवर. मध्यमवर्गीय इटालियन कुटुंबासाठी बनवलेलं, टिकाऊ, स्वस्त, कुठेही दुरुस्त होणारं. आणि कुठेही दुरुस्त होणारं इंजिन कुठेही बिघडवताही येतं, म्हणजे त्यात हवी तशी छेडछाड करता येते. एन्झो फेरारी तेव्हा आल्फा रोमिओ सोडून बाहेर पडला होता. चार वर्षं स्वतःच्या नावाने रेसिंग करायचं नाही, अशी अट त्याच्यावर होती. त्याने ऑटो आव्हिओ कॉस्त्रुत्सिओनी नावाची कंपनी काढली आणि ८१५ नावाच्या दोन गाड्या बांधल्या. त्यांचं आठ सिलिंडरचं इंजिन या फियाट ५०८ सी च्या सुट्या भागांवर बेतलेलं होतं. ब्लॉक वेगळा ओतून घेतला, पण हेड फियाटचीच, दोन जोडून. एप्रिल १९४० मध्ये त्या ब्रेशाच्या शर्यतीत धावल्या. एकीत आल्बर्तो अस्कारी होता, जो पुढे दोनदा जगज्जेता झाला. दोन्ही गाड्या अर्ध्यातच बंद पडल्या. म्हणजे फेरारीने बांधलेली पहिली गाडी, जिच्यावर फेरारीचं नाव नाही, ती आमच्या फियाटची लांबची का होईना पण नात्यातली. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बंद पडली म्हणतोस ना? मग नात्यातलीच."

महायुद्ध संपलं. इटलीत पेट्रोल नव्हतं, पोलाद नव्हतं, पैसा नव्हता. तुरीनमधल्या पिएरो दुझिओ नावाच्या उद्योजकाला मात्र रेसिंग कार बनवायची होती. त्याने फियाटचा इंजिनिअर दान्ते जाकोसा याला गाठलं. जाकोसाने फियाटच्या कपाटात जे होतं त्यातूनच डी ४६ नावाची एका सीटची गाडी काढली. इंजिन तेच, १०८९ सीसी. कॉम्प्रेशन वाढवलं, तेलाची व्यवस्था बदलली आणि ३२ चे सुमारे ६० हॉर्सपॉवर केले. कंपनीचं नाव चिसितालिया. १९४६ मध्ये तुरीनच्या शर्यतीत तात्सिओ नुव्होलारी ही गाडी चालवत असताना तिचं स्टेअरिंगच हातात निघून आलं. त्याने ते चाक हवेत हलवून आपल्या माणसांना दाखवलं आणि उरलेल्या दांड्याला धरून गाडी चालवत राहिला. पुढच्या वर्षी मिल्ले मिल्यात, म्हणजे हजार मैलांच्या शर्यतीत, हाच नुव्होलारी उघड्या चिसितालियातून मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्यांपुढे होता. शेवटी पावसाने घात केला आणि तो दुसरा आला. वय ५४.

चिसितालियाची बंद छताची २०२ ही गाडी पिनिन फारिनाने घडवली. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ती होती. १९७२ पासून ती त्या संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहात आहे. तिच्याही बॉनेटखाली फियाट ११०० चंच इंजिन. स्पोर्ट्स कार म्हणजे काय, या प्रश्नाचं एक प्रामाणिक उत्तर इथे मिळतं. त्या काळच्या इटलीत ती बहुतेक वेळा कुटुंबाच्या गाडीचं इंजिन घेऊन, कुणीतरी शेडमध्ये बसून, हेड घासून बनवलेली गोष्ट होती. सिआता, स्तांग्वेलिनी अशी कितीतरी छोटी नावं याच फियाटवर जगली. १९५८ मध्ये नवख्या ड्रायव्हरांसाठी फॉर्म्युला ज्युनिअर सुरू झाली, तेव्हाही सुरुवातीला स्तांग्वेलिनीच्या फियाट इंजिनांचाच जोर होता.

आता हे इंजिन कुर्ल्याला कसं आलं ते बघू.

वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२. (आमच्या गेवराईवरून जाणारा महामार्ग सोलापूर-धुळे. या रस्त्याच्या एका टोकाला जन्मलेल्या माणसाची गाडी याच रस्त्यावर बंद पडायची होती, असं काका म्हणतात.) आगबोटी, बोगदे, साखर, सगळं करून झाल्यावर त्यांना मोटारीचा कारखाना हवा होता. १९३९ मध्ये त्याच खटपटीत ते अमेरिकेला गेले. परतीच्या प्रवासात एका विमान कंपनीच्या माणसाची गाठ पडली आणि मोटारीच्या आधी बंगळुरूला विमानाचाच कारखाना उभा राहिला. मोटारीसाठी ब्रिटिश सरकारने हात दिला नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डी सोटो निघाल्या. मग फियाटशी करार झाला. १९५१ पासून छोटी फियाट ५०० आणि १९५४ पासून ११००. वालचंद १९५३ मध्ये गेले, त्यामुळे ११०० त्यांनी बघितली नाही.

ही नवी ११०० फियाटने मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाला दाखवली होती. तिच्यामागेही दान्ते जाकोसाच. छोटी ५०० त्याची, चिसितालिया डी ४६ त्याची आणि आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली गेलेली ती गोलमटोल गाडीही त्याचीच. इंजिन आतून सुधारलेलं, पण माप तेच. ६८ गुणिले ७५.

१९६४ मध्ये भारतात ११०० डिलाइट आली, आजच्या पद्मिनीचा चेहरा तिथला. इटलीत ते मॉडेल १९६६ ला बंदच झालं. आपल्याकडे नाव बदलत राहिलं: आधी प्रीमियर प्रेसिडेंट, मग १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून पद्मिनी. आमच्या गाडीवर यातला कुठला बॅज होता हे सांगता येत नाही. काकांनी तो काढला आणि भोकं बुजवली. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. ज्या गाडीला तिच्या जन्मगावाने चार वर्षांत निवृत्त केलं, ती आपण छत्तीस वर्षं बनवली.

याला कारणं होती. पन्नाशीच्या सुरुवातीलाच सरकारने ठरवलं, की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी इथे पूर्ण गाडी बनवावी नाहीतर निघावं. शिवडीला १९२८ पासून असलेली जनरल मोटर्स निघून गेली. फोर्डही गेली. उरल्या प्रामुख्याने तीन मोटारी: कलकत्त्याची अँबेसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची फियाट. किती बनवायच्या, किती किमतीला विकायच्या, यावर सरकारचा हात. किमतीवरून प्रीमियर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. गाडीसाठी पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं थांबायचं. अशा देशात दोन सीटची, काहीही उपयोगाची नसलेली, निव्वळ मजेसाठीची गाडी कोण बनवणार? कोणत्या अर्जावर कोण सही करणार? मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, त्यात फियाट आणि हेरल्ड धावायच्या. कुटुंबाच्याच गाड्या, आतून पिळून काढलेल्या. तुरीनमध्ये युद्धाने जी टंचाई केली, ती आपल्याकडे परवान्यांनी केली आणि दोन्हीकडच्या पोरांना सुचलेला उपाय एकच होता.

बीड जिल्ह्यात तर स्पोर्ट्स कार हा शब्दही चैनीचा. आमची गाडी कुर्ल्यात तयार झाली तेव्हा मराठवाडा ७२ च्या दुष्काळातून नुकता उठत होता आणि पेट्रोलचे भाव अरबांच्या तेलबंदीने भडकले होते. आमच्या घरी ती १९८६ ला आली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर मुंबईकरांना फियाट जड वाटू लागली आणि त्यांच्या जुन्या गाड्या तालुक्याच्या गावांत आल्या. आजोबांचं कापसाच्या आडतीचं दुकान होतं. एका चांगल्या हंगामात त्यांनी ही गाडी घेतली. मग एक-दोन वाईट हंगाम आले आणि गाडी काकांच्या ताब्यात गेली, कारण ड्रायव्हर ठेवणं परवडेना.

१९९४ मध्ये गावातल्या एका मित्राकडे मारुती आली. इथून पुढची गोष्ट आकड्यांत सांगता येते. मारुती ७९६ सीसी, ४० च्या आतबाहेर हॉर्सपॉवर, वजन साधारण साडेसहाशे किलो. फियाट १०८९ सीसी, हॉर्सपॉवर जवळजवळ तेवढेच, वजन नऊशेच्या घरात. म्हणजे काका तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत असताना मारुती पुढे निघून जायची. काकांनी ते उन्हाळाभर सोसलं. मग त्यांनी इंजिनचं हेड उतरवलं, पोत्यात बांधलं, एसटीने औरंगाबादला नेलं (तेव्हा नाव तेच होतं) आणि लेथवाल्याकडून एक मिलिमीटर घासून आणलं.

हे मला २०२१ पर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. हेड उचललं तेव्हा त्याची कड मापात बसेना, म्हणून मी मेडिकलमधून सिरिंज आणली आणि चेंबरमध्ये तेल सोडून मोजलं. एका सिलिंडरचे २७२ सीसी. कंपनीच्या हिशेबाने वर ४० सीसीच्या आसपास जागा उरायला हवी. आमच्याकडे साडेतीन सीसी कमी भरले. म्हणजे कॉम्प्रेशन पावणेआठवरून साडेआठच्या आसपास गेलेलं. मी हातात सिरिंज धरून काकांकडे बघितलं.

"काका, हेड घासलंय?"

"मंग? नुसतं नाक लावून गाडी पळती व्हय?"

जाकोसाने चिसितालियात जे केलं, त्यातला पहिला धडा काकांनी, जाकोसाचं नावही न ऐकता, त्याच मापाच्या इंजिनावर केला होता. रद्दीतल्या इंग्रजी मासिकातले फोटो आणि एका ट्रॅक्टर मेकॅनिकचा सल्ला, एवढंच त्यांचं शिक्षण. कार्बोरेटरचं जेट त्यांनी बारीक ड्रिलने मोठं केलं. 'नाक' नुसती शोभा असेल असं मला वाटायचं; पण ते इंजिनवर थंड हवा पाडायला लावलेलं होतं आणि त्याच्या तोंडाला आतून कापसाच्या गाठीवरची जाळी होती, धूळ अडवायला. तुरीनमध्ये गेवराईइतकी धूळ नसावी. गिअर जमिनीवर आणायची कल्पना तर पुढे कंपनीनेच उचलली, पद्मिनीच्या शेवटच्या 'एस वन' मॉडेलमध्ये गिअर जमिनीवर होता.

शर्यत झाली. गेवराई ते गोदावरीवरचा शहागडचा पूल. निकालाबद्दल घरात दोन मतं आहेत. काका म्हणतात ते पुलावर पहिले होते. बाबा त्याच गाडीत मागे बसले होते; ते म्हणतात, पुलाच्या अलीकडेच रेडिएटर उकळला आणि त्यांनी शेजारच्या मळ्यातून घागरीने पाणी आणलं. मारुतीवाले काका आता पुण्यात असतात. मी त्यांना फोन केला. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, तुझ्या आजोबांना यातलं काय सांगितलंस?

वाढलेल्या कॉम्प्रेशनला त्या काळचं पेट्रोल झेपत नव्हतं. चढावर इंजिन आतून टकटक वाजायचं, ज्याला नॉकिंग म्हणतात. पुढे पेट्रोल महाग झालं म्हणून काकांनी गॅसकिट बसवलं आणि गंमत अशी, की एलपीजीचा ऑक्टेन जास्त असल्यामुळे घासलेलं हेड गॅसवर एकदम सुरळीत चाललं. शर्यतीसाठी केलेला बदल काटकसरीला उपयोगी पडला. त्या गॅसवर काकांनी काही वर्षं वडाप केली, लग्नाची वऱ्हाडं नेली, ऊसतोडीला गेलेल्या माणसांचे आजारी म्हातारे दवाखान्यात पोचवले. किट आता गेलंय, डिकीत नुसती दोन ब्रॅकेट्स उरलीत. त्यांच्यामध्येच ती अंडी होती.

तर गाडीत असे थर आहेत. १९७४ चा कुर्ल्याचा थर, ९४ चा शर्यतीचा, नंतरचा गॅसचा आणि २०१२ पासूनचा कोंबड्यांचा. पैठण इथून फार लांब नाही, तिथल्या टेकाडात उत्खनन करणारे लोक खालचा सातवाहनांचा थर बघायचा म्हणून वरचे थर तोडतात, पण तोडण्याआधी प्रत्येक थर लिहून ठेवतात. मी तेही करत नव्हतो. मी सरळ क्रीम रंगाचा डबा मागवला होता.

आणि मग नियम आला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी अधिसूचना काढली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला वेगळी नोंदणी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. आमची गाडी २०२४ मध्ये पन्नाशीला पोचणार होती. म्हणजे माझ्याकडे तीन वर्षं होती आणि सरकारही माझ्याच बाजूने, जशी होती तशी करा म्हणत होतं.

फेरफारांबद्दल कायदा तसाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. यामागचं कारण मला पटतं. स्प्रिंगचा वेढा कापलेली गाडी वळणावर कशी वागते, हे मी स्वतः अनुभवलंय. ब्रेक आणि सस्पेन्शनच्या बाबतीत काकांच्या कलाकृतीला मी अजिबात दया दाखवली नाही. नव्या स्प्रिंगा आणल्या, कमानीत पाटा परत घातला, चारही ड्रमचे ब्रेक शू, किंगपिन, सगळं कंपनीच्या मापाने केलं. काकाही काही बोलले नाहीत. कापलेल्या स्प्रिंगांवर त्यांनी वऱ्हाडं नेली होती, त्याची त्यांना आता उलट भीती वाटते.

अडचण बाकीच्याची होती. घासलेलं हेड परत भरता येत नाही. आम्ही कोड चुकला की मागच्या आवृत्तीवर जातो. इथे मागची आवृत्ती औरंगाबादच्या लेथखाली भुसा होऊन झाडली गेली होती. दुसरं हेड शोधता आलं असतं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली. शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली होती आणि टॅक्सीचं वय वीस वर्षंच धरतात. त्या आधीच्या वर्षांत कुर्ल्याच्या भंगार बाजारात पद्मिनीचे सुटे भाग ढिगाने यायचे. मी तिथे दोनदा गेलो. एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं बॉनेट आणलं, अखंड, न कापलेलं. हेडही होतं. दुकानदार शेवटी पंधराशेवर आला होता. मी ते हातात घेतलं, सरळ पट्टी लावून बघितलं, चांगलं होतं. आणि खाली ठेवलं.

का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. मात्र ज्या थराची मला लाज वाटत होती, तोच या गाडीचा एकमेव असा भाग होता जो दुसऱ्या कुठल्याच पद्मिनीत नाही, हे डोक्यात फिरत होतं. लाखो गाड्या कुर्ल्यातून क्रीम नाहीतर काळ्या-पिवळ्या रंगात निघाल्या. चिसितालियाच्या गाडीला कुणी म्हणत नाही, की आधी ती परत ५०८ सी करून आणा, मग संग्रहालयात ठेवू.

आजीने या चर्चेत एकच मुद्दा मांडला. व्हिंटेज नंबर मिळाला की त्या गाडीत बसून राक्षसभुवनला शनीच्या दर्शनाला जाता येईल का? मी नियम वाचला. अशी गाडी प्रदर्शनाला नेता येते, रॅलीत, तांत्रिक अभ्यासासाठी, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. रोजच्या वापराला नाही. शनिदर्शन यादीत नव्हतं. आजी म्हणाली, मग काय उपयोग. अर्ज मी अजून केलेला नाही. साधं नूतनीकरण केलं. त्यासाठी आरसी बुकाशी जुळणारं पेट्रोल इंजिन, चॅसी नंबर आणि चालू ब्रेक लागतात. ते सगळं आहे.

टॅक्सीचं बॉनेट मी घासून, लांबी भरून, प्रायमर मारून गाडीला बसवलं. नाकाचं बॉनेट माळवदाखालच्या भिंतीला टांगलंय. बोल्ट चार आहेत, बदलायला वीस मिनिटं लागतात. काका दिवाळीत बदलतात, मी नंतर परत बदलतो. रंग लालच ठेवला. डिकीवरचं 'स्पोर्ट' रंगवताना मी पेंटरला सांगितलं, अक्षर सुधारू नको.

गेल्या डिसेंबरात इंजिन पहिल्यांदा नीट सुरू झालं. मी वर्कशॉपचं पुस्तक मोबाईलवर उघडून, टायमिंग लाइट लावून, पुलीवरच्या खुणेला बरोबर टायमिंग जुळवलं. एकाही अंशाचा फरक नाही. काकांना शेजारी बसवून शहागडच्या दिशेने निघालो. पहिल्याच चढाला बॉनेटखालून टकटक सुरू झाली. मला आधी वाटलं टॅपेट आहेत.

"थांबव," काका म्हणाले.

त्यांनी बॉनेट उचललं. चौपन्न वर्षांचे आहेत, गुडघा वाकत नाही, म्हणून बंपरला मांडी टेकवून वाकले. इंजिन चालूच होतं. डिस्ट्रिब्युटरचा नट त्यांनी दहाच्या पान्याने थोडा ढिला केला आणि तो हाताने मागे फिरवला, किती ते मला दिसलंही नाही. कान लावून ऐकलं, थोडा अजून फिरवला. मी म्हणालो, काका, पुस्तकातल्या मापापासून तो हलला.

"ते पुस्तक या हेडचं न्हाई," काका म्हणाले आणि नट आवळला.

चढ परत चढलो. आवाज नव्हता. पुलाजवळ गाडी उभी करून मी टायमिंग लाइट पुन्हा लावली आणि कंपनीच्या खुणेशेजारी पांढऱ्या रंगाची दुसरी रेघ ओढली.